चित्रांच्या पुस्तकातली पॅट्रिशिया आणि आपण विसरलेली रखमाबाई

नंदुरबारजवळच्या कोरीट गावात आम्ही काही कार्यकर्ते रविवारी मुलांचा वर्ग घेतो. वर्ग म्हणजे एक सतरंजी, एक फळा आणि जमतील तेवढी पुस्तके. वंदना झाली की थोडे गणित, थोडे वाचन, मग गोष्ट. मुले बौद्धांची आहेत, भिल्लांची आहेत, सालदाराची आहेत, ऊसतोडीला जाणाऱ्यांचीही आहेत. घरात कुणी अहिराणी बोलते, कुणी भिलोरी. शाळेची मराठी ही त्यांच्यासाठी दुसरी भाषा आणि इंग्रजी तिसरी.

या पावसाळ्यात एका मैत्रिणीने पुस्तकांचे खोके पाठवले. त्यात एक इंग्रजी चित्रांचे पुस्तक निघाले : 'द डॉक्टर विथ अ‍ॅन आय फॉर आइज'. लेखिका ज्युलिया फिनली मोस्का, चित्रे डॅनियल रायली यांची, प्रकाशन २०१७. पुस्तक आहे डॉ. पॅट्रिशिया बाथ या आफ्रिकन-अमेरिकन स्त्रीचे, जिने मोतीबिंदू काढण्यासाठी लेसरचे उपकरण शोधून काढले. आम्ही पाने उलटत मराठीत गोष्ट सांगत गेलो. मोतीबिंदू म्हटल्यावर मुलांना काही समजावून सांगावे लागले नाही. वर्गातल्या निम्म्या पोरांच्या घरी आजी किंवा आजा डोळ्यांवर पांढरा पडदा घेऊन खाटेवर बसलेला आहे.

गोष्ट संपल्यावर सातवीतल्या एका मुलीने विचारले, "ताई, आपलाकडनी बाईनं असं पुस्तक शे का?"

आम्ही सवयीने सावित्रीमाईंचे नाव घेतले. ती म्हणाली, त्या माहीत आहेत, डॉक्टरीण सांगा. मागून एक मुलगा ओरडला, "आनंदीबाई जोशी!" नाव बरोबर होते. पण आम्ही रखमाबाई राऊत हे नाव उच्चारले तेव्हा अख्ख्या वर्गात शांतता. नंतर आमच्याच कार्यकर्त्यांना विचारले, तर एमए, बीएड झालेल्यांतही दोघांनाच नाव माहीत होते. एकाला तर तेवढेच आठवले की गूगलने कधीतरी त्यांचे चित्र लावले होते. हा लेख त्या शांततेबद्दल आहे.

हार्लेमची पॅट्रिशिया

आधी पॅट्रिशिया बाथ. जन्म ४ नोव्हेंबर १९४२, न्यूयॉर्कच्या हार्लेम भागात. वडील रूपर्ट बाथ त्रिनिदादहून आलेले, न्यूयॉर्कच्या भुयारी रेल्वेतले पहिले काळे मोटरमन म्हणून त्यांचे नाव सांगितले जाते. आई ग्लॅडिस लोकांच्या घरी कामाला जायची आणि त्या मजुरीतून तिने मुलीला रसायनशास्त्राच्या प्रयोगांचा संच आणून दिला. धुणीभांडी करणाऱ्या आईने खेळण्याऐवजी प्रयोगशाळा आणून द्यावी, हे चित्र आमच्या वर्गातल्या मुलींनी दोनदा बघायला मागितले.

१९६८ साली हॉवर्ड विद्यापीठातून वैद्यकीय पदवी घेऊन पॅट्रिशिया हार्लेम रुग्णालयात आल्या. पुढे कोलंबिया विद्यापीठाच्या डोळ्यांच्या दवाखान्यातही त्यांनी काम केले. दोन्ही ठिकाणी काम करताना त्यांना एक गोष्ट खटकली. हार्लेमच्या दवाखान्यात येणारे निम्मे लोक आंधळे किंवा अधू दृष्टीचे दिसत आणि कोलंबियाच्या दवाखान्यात तसे फारच थोडे दिसत. त्यांनी पाहणी केली. काळ्या लोकांमध्ये अंधत्वाचे प्रमाण गोऱ्यांच्या दुप्पट निघाले. याचे कारण त्यांना रक्तात किंवा वंशात सापडले नाही. डोळ्यांचा डॉक्टरच वस्तीपर्यंत पोचत नव्हता, हे कारण होते. यातून त्यांनी 'सामुदायिक नेत्रचिकित्सा' ही कल्पना मांडली : वस्तीत जा, शाळेत जा, डोळे तपासा, आंधळे होण्याआधी गाठा. आपल्या कोलंबियातल्या प्राध्यापकांना त्यांनी हार्लेममध्ये येऊन फुकट शस्त्रक्रिया करायला राजी केले.

आम्ही समाजशास्त्र शिकलो आहोत. पहिल्याच वर्षी आम्हाला शिकवले जाते की एकाचे दुःख ते त्याचे दुःख, पण एका वस्तीतल्या हजारांचे तेच दुःख असेल तर कारण समाजरचनेत शोधावे. पॅट्रिशिया यांनी हे डोळ्याच्या डॉक्टर असताना, दोन दवाखान्यांच्या बाकांवर बसलेली माणसे मोजून शोधले. लेसरचे यंत्र पुढे आले. त्यांचा पहिला शोध हा होता, असे आम्ही मानतो.

१९७५ साली त्या लॉस एंजेलिसच्या ज्यूल्स स्टाइन नेत्रसंस्थेत पहिल्या स्त्री प्राध्यापक झाल्या. बसायला जागा दिली ती तळघरात, प्रयोगाच्या प्राण्यांच्या शेजारी. त्यांनी आरडाओरडा केला नाही; ही जागा योग्य नाही एवढे सांगून नाकारली आणि योग्य जागा मिळवली. १९७६ साली सहकाऱ्यांसोबत अंधत्व रोखण्यासाठी संस्था काढली. तिचे तत्त्व होते की दृष्टी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे. १९८१ मध्ये लेसरची कल्पना सुचली. त्या कामासाठी त्या बर्लिन, पॅरिस, इंग्लंडमधील लफबरो असे फिरल्या. १७ मे १९८८ रोजी 'लेसरफाको' उपकरणाचे पेटंट मिळाले. वैद्यकीय उपकरणाचे पेटंट मिळवणाऱ्या त्या पहिल्या आफ्रिकन-अमेरिकन स्त्री डॉक्टर मानल्या जातात. ३० मे २०१९ रोजी त्या गेल्या. अमेरिकेच्या राष्ट्रीय संशोधक सन्मानदालनात त्यांचे नाव लागले ते २०२२ साली, मृत्यूनंतर. तोवर एकाही काळ्या स्त्रीला तिथे जागा मिळालेली नव्हती.

सांगायचे हे की अमेरिकेतही विसर पाडला जातो. पण तिथल्या काळ्या समाजाने आणि त्यांच्या बाजूने उभ्या राहिलेल्या लेखकांनी एक काम नेटाने केले. त्यांनी आपली माणसे मुलांच्या पुस्तकात आणली. सात वर्षांच्या पोरीला आपल्यासारख्या रंगाची, आपल्यासारख्या केसांची डॉक्टर चित्रात दिसेल अशी सोय केली.

हे नाते आजचे नाही

कुणी म्हणेल, कोरीटच्या मुलांना अमेरिकेतल्या काळ्या बाईचे काय? आमचे उत्तर असे की हे नाते आम्ही जोडलेले नाही, आमच्या बापजाद्यांनी जोडून ठेवले आहे. जोतीराव फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' लिहिली आणि ती अर्पण केली अमेरिकेतल्या निग्रो गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या लोकांना. पुण्यात बसलेल्या एका माळ्याला समुद्रापलीकडच्या गुलामाचे दुःख आपले वाटले. बाबासाहेब १९१३ ते १९१६ कोलंबिया विद्यापीठात शिकले, ज्याच्या शेजारीच हार्लेम आहे. १९४६ साली त्यांनी काळ्यांचे थोर विचारवंत डब्ल्यू. ई. बी. ड्यू बॉइस यांना पत्र लिहून संयुक्त राष्ट्रांकडे जाणाऱ्या निग्रोंच्या अर्जाची प्रत मागितली आणि ड्यू बॉइस यांनी आपुलकीने उत्तर दिले. १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली ती नाव घेऊनच ब्लॅक पँथरचे.

तेव्हा पॅट्रिशिया आपल्या आहेतच. प्रश्न एवढाच की आपली रखमाबाई आपली का नाही?

सुताराची लेक

रखमाबाईंचा जन्म २२ नोव्हेंबर १८६४ चा, मुंबईचा. १८६४ याच वर्षी अमेरिकेत रेबेका ली क्रम्प्लर या पहिल्या काळ्या स्त्री डॉक्टरने पदवी घेतली. योगायोग आहे, पण मुलांना सांगण्यासारखा आहे.

रखमाबाईंची जात सुतार. वडील जनार्दन पांडुरंग रखमाबाई लहान असतानाच वारले. आई जयंतीबाई तरुण वयात विधवा झाल्या. पुढे काही वर्षांनी त्यांनी डॉ. सखाराम अर्जुन यांच्याशी पुनर्विवाह केला. हा विवाह होऊ शकला कारण सुतार समाजात विधवेच्या पुनर्विवाहाला मुभा होती. हा तपशील महत्त्वाचा आहे. ज्या गोष्टीसाठी पुण्या-मुंबईच्या ब्राह्मण सुधारकांना परिषदा भरवाव्या लागत होत्या, ती गोष्ट कष्टकरी जातींत रीत म्हणून चालत होती. 'सुधारणा वरून खाली झिरपल्या' असे जे शाळेत शिकवले जाते ते इथेच खोटे ठरते.

सखाराम अर्जुन हे नामांकित डॉक्टर आणि वनस्पतींचे अभ्यासक होते. १८८३ साली बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटी स्थापन झाली तेव्हा संस्थापकांत जे दोन भारतीय होते त्यांतले ते एक. अशा घरात रखमाबाई वाढल्या. तरीही अकराव्या वर्षी त्यांचे लग्न लावले गेले, एकोणीस वर्षांच्या दादाजी भिकाजीशी. विधवेला पुन्हा संसार करू देणारी जात मुलीचे लग्न मात्र बालपणीच उरकत होती.

याचे उत्तर बाबासाहेबांच्या कोलंबियातल्या निबंधात आहे. ९ मे १९१६ रोजी त्यांनी 'भारतातील जाती' हा निबंध वाचला. जात टिकते ती जातीतल्या जातीत लग्न लावून, आणि ते बंधन पाळायला लावण्यासाठी सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही तीन साधने वापरली गेली, असे त्यांनी दाखवले. मुलीला मन फुटण्याआधीच तिला बांधून टाका म्हणजे ती जातीबाहेर बघणार नाही. आणि वरच्या जातीने दार लावले की खालच्या जाती अनुकरणाने आपापली दारे लावतात. सुतारांचे घर या अनुकरणाच्या अर्ध्या वाटेवर होते. एक दार उघडे होते, दुसरे बंद झाले होते. रखमाबाई त्या बंद दारावर धडकल्या.

"तुरुंगात जाईन"

लग्नानंतरही रखमाबाई आई आणि सावत्र वडिलांकडेच राहिल्या, शिकत राहिल्या. दादाजी शिक्षण सोडून मामाच्या आश्रयाला राहिला, त्याची तब्येत खालावलेली होती, कमाई नव्हती. १८८४ मध्ये त्याने मुंबई हायकोर्टात दावा लावला की बायको नांदायला यावी.

१८८५ मध्ये रखमाबाईंनी 'अ हिंदू लेडी' या टोपणनावाने टाइम्स ऑफ इंडियात बालविवाहावर पत्रे लिहिली. त्याच वर्षी एप्रिलमध्ये सखाराम अर्जुन वारले. पाठीशी उभा असलेला बाप गेला आणि खटला चालू राहिला. २१ सप्टेंबर १८८५ रोजी न्यायमूर्ती पिन्ही यांनी निकाल रखमाबाईंच्या बाजूने दिला. अजाण वयात लावलेले लग्न, एकत्र संसार कधी झालेला नाही, आणि आता सज्ञान स्त्रीला तिच्या मनाविरुद्ध पुरुषाच्या ताब्यात द्यायचे, हे त्यांना मान्य झाले नाही. त्यांनी आणखी एक गोष्ट नोंदवली. असा दावा हिंदू शास्त्रातला नाही. तो इंग्लंडच्या कायद्यातून इथे आणलेला आहे.

या मुद्द्यावर जरा थांबले पाहिजे. या निकालावर पुण्यात गदारोळ उठला. टिळकांच्या पत्रांनी हिंदू धर्मावर घाला आल्याची हाकाटी केली आणि इंग्रजी शिक्षणाने बायका बिघडतात असा सूर लावला. ज्या दाव्यासाठी 'धर्म' म्हणून छाती पिटली तो दावा मुळात इंग्रजांच्या चर्चच्या न्यायालयातून आलेला होता! म्हणजे धर्मरक्षक रक्षण करत होते एका इंग्रजी हत्याराचे, कारण ते हत्यार बाईवर चालत होते. परकीय ते वाईट हा नियम बाई वठणीवर आणताना लागू होत नव्हता.

अपिलात १८८६ साली पिन्हींचा निकाल फिरवला गेला आणि खटला पुन्हा सुनावणीला आला. ४ मार्च १८८७ रोजी न्यायमूर्ती फॅरन यांनी आदेश दिला : महिन्याभरात नवऱ्याकडे जा, नाहीतर सहा महिने तुरुंग. बावीस वर्षांच्या रखमाबाईंनी कळवले की त्या घरी जाण्यापेक्षा आपण तुरुंग पत्करू.

त्यांच्यासाठी मुंबईत बचाव समिती उभी राहिली. बेहरामजी मलबारी यांनी लेखणी चालवली. इंग्लंडमध्येही चर्चा पेटली. राणी व्हिक्टोरियाने मध्ये पडून रखमाबाईंना सोडवले अशी एक गोष्ट सांगितली जाते. चित्रांच्या पुस्तकाला ती फार सोयीची आहे : सिंहासन, मुकुट, दयाळू राणी. पण खटला मिटला तो जुलै १८८८ मध्ये तडजोडीने. दादाजीने २००० रुपये घेतले आणि हक्क सोडला. एका स्त्रीच्या आयुष्याची ही किंमत कागदावर आहे, ती कुणा राणीच्या दयेखाली झाकू नये. १८९१ साली संमतीवयाचा कायदा आला आणि मर्यादा दहावरून बारा वर्षांवर गेली. त्या कायद्यामागे जी चर्चा पेटली होती तिच्यात रखमाबाईंचा खटला होता. टिळकांनी त्या कायद्यालाही विरोध केला.

सुरतची डॉक्टरीण

कामा हॉस्पिटलच्या डॉ. एडिथ पेची यांनी रखमाबाईंना डॉक्टर होण्यासाठी बळ दिले. १८८९ मध्ये त्या इंग्लंडला गेल्या, लंडनच्या स्त्रियांच्या वैद्यकीय शाळेत शिकल्या, १८९४ मध्ये पात्र झाल्या. १८९५ साली सुरतच्या स्त्रियांच्या रुग्णालयात रुजू झाल्या. तिथे दोन दशकांहून अधिक काळ आणि मग राजकोटच्या जनाना रुग्णालयात, अशी पस्तीस वर्षे त्यांनी सेवा केली. १९२९ मध्ये पडदा पद्धत बंद व्हावी म्हणून पुस्तिका लिहिली. २५ सप्टेंबर १९५५ रोजी, वयाच्या नव्वदीत त्या गेल्या.

सुरत! नंदुरबारच्या माणसाला सुरत सांगावी लागत नाही. इथला मजूर कामाला सुरतला जातो, इथली बाळंतीण अडली की गाडी सुरतकडे वळते. सुरत-भुसावळ रेल्वे नंदुरबारवरून जाते आणि ही तापी खोऱ्यातली लाइन विसाव्या शतकाच्या उंबरठ्यावर, म्हणजे रखमाबाई सुरतेत असतानाच सुरू झाली. तापीच्या एका अंगाला आम्ही, त्याच नदीच्या मुखाशी ती डॉक्टरीण. सव्वाशे वर्षे त्याच रस्त्याने आपण जातो-येतो आणि तिचे नाव आपल्याला ठाऊक नाही.

आता आनंदीबाईंबद्दल. आम्हाला त्यांच्याबद्दल आदर आहे आणि तो खरा आहे. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, मूल दगावले, त्या दुःखातून डॉक्टर होण्याची जिद्द. मार्च १८८६ मध्ये फिलाडेल्फियाच्या महिला वैद्यकीय महाविद्यालयातून त्या एमडी झाल्या. त्याच महाविद्यालयातून १८६७ साली रेबेका कोल ही काळी स्त्री डॉक्टर झाली होती. आनंदीबाई २६ फेब्रुवारी १८८७ रोजी पुण्यात क्षयाने गेल्या, त्यांना डॉक्टरकी करायला मिळालीच नाही. त्यानंतर सहाव्या दिवशी फॅरन यांनी रखमाबाईंना तुरुंगाची धमकी देणारा निकाल दिला. एकाच आठवड्यात एका महाराष्ट्राने एका मुलीसाठी अश्रू ढाळले आणि दुसरीला वाळीत टाकले.

का? दोघीही बालवधू, दोघीही डॉक्टर. फरक आम्हाला असा दिसतो. आनंदीबाईंची गोष्ट नवऱ्याच्या हट्टातून फुलते, ती पतिव्रतेच्या चौकटीत बसवता येते. म्हणून तिच्यावर कादंबरी झाली, नाटक झाले, २०१९ मध्ये मोठा सिनेमा झाला. रखमाबाईंची गोष्ट नवऱ्याला 'नाही' म्हणण्यातून सुरू होते आणि ती सुताराच्या लेकीची आहे. नाही म्हणणारी बाई चौकटीत बसत नाही. मोहिनी वर्दे यांनी १९८२ साली मराठीत रखमाबाईंचे चरित्र लिहिले, २०१६ मध्ये अनंत महादेवन यांनी चित्रपट केला. त्यांचे ऋण मोठे आहे. पण ते ज्ञान अभ्यासकांच्या कपाटातून पोरांच्या दप्तरात आले नाही.

आणि दोष फक्त 'त्यांचा' नाही. आमच्या बाजूचाही आहे. आम्ही जयंतीला महापुरुषांचे फोटो लावतो, त्यात सावित्रीमाई आणि रमाई असतात, यादी तिथे संपते. रखमाबाई 'आपल्या' म्हणाव्यात का, असा प्रश्न आमच्या एका मित्रानेच विचारला. त्या फुल्यांच्या सत्यशोधक समाजात नव्हत्या, चळवळीच्या नव्हत्या. १९०४ मध्ये दादाजी वारला तेव्हा त्यांनी विधवेसारखी पांढरी साडी नेसली, हे कसे पचवायचे? आम्हालाही ते वाचून धक्का बसला होता. आम्ही त्याचे समर्थन करत नाही आणि लपवतही नाही. सोळा वर्षांपूर्वी पैसे घेऊन ज्याने हक्क सोडला त्याच्या नावाने पांढरी साडी! संस्कार किती खोल रुतलेले असतात याचा हा पुरावा आहे. ज्या बाईने हायकोर्टाला नकार दिला तिलाही समाजाच्या नजरेतून पूर्ण सुटता आले नाही. मुलांना अशी माणसे दाखवली पाहिजेत. देव दाखवला की मूल हात जोडते, माणूस दाखवला की मूल विचार करते. बुद्धाने आपल्याला हात जोडायला कमी आणि तपासून घ्यायला जास्त शिकवले आहे.

खटला अजून संपलेला नाही

हिंदू कोड बिल अडवले गेले म्हणून बाबासाहेबांनी सप्टेंबर १९५१ मध्ये मंत्रिपद सोडले. पुढे ते तुकड्यातुकड्याने आले आणि हिंदू विवाह कायदा १८ मे १९५५ पासून लागू झाला. चार महिन्यांनी रखमाबाई गेल्या. घटस्फोटाचा हक्क कायद्यात आलेला त्यांच्या डोळ्यांदेखत झाला. पण त्याच कायद्याच्या कलम ९ मध्ये 'नांदायला या' हा दावा आजही शाबूत आहे. त्यासाठी तुरुंगात घालण्याची तरतूद १९२३ साली गेली. १९८३ मध्ये आंध्र हायकोर्टाने कलम ९ घटनाबाह्य ठरवले, १९८४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ते पुन्हा वैध ठरवले. म्हणजे दादाजीचे हत्यार म्यानात आहे, मोडलेले नाही.

आणि नंदुरबार? राज्यात सर्वात कमी साक्षरतेचा हा जिल्हा. २०११ च्या जनगणनेत शंभरातले चौसष्ट साक्षर. याच जिल्ह्याच्या शहादा भागात १९७२-७३ च्या सुमारास भिल्ल बायकांनी एकजुटीने दारूची मडकी फोडली, बायकोला मारणाऱ्या नवऱ्यांना जाब विचारला. त्यांचे चित्रांचे पुस्तक कुठे आहे? पुण्यात मुक्ता साळवे या मातंग मुलीने चौदाव्या वर्षी मांग-महारांच्या दुःखाविषयी निबंध लिहिला आणि १८५५ मध्ये तो ज्ञानोदयात छापून आला. अकोले तालुक्यातल्या कोंभाळण्याच्या राहीबाई पोपेरे, महादेव कोळी समाजाच्या, शाळा न शिकता त्यांनी गावरान बियाण्यांची बँक उभी केली आणि पद्मश्री मिळवली. शोध म्हणजे काय हे ठरवताना पेटंटचा कागद मागणारे या बायांना शोधक म्हणणार नाहीत. आम्ही म्हणतो.

हे सगळे आम्ही का सांगतो आहोत त्याचे एक कारण आमच्या वर्गातच आहे. गेल्या वर्षी वर्गात एक मुलगी होती, आठवीतली, गणितात तरतरीत. दिवाळीनंतर घरचे तोडीला गेले, तीही गेली. उन्हाळ्यात परत आली तेव्हा गळ्यात काळे मणी होते. आई म्हणाली, "पोर एकटी कोठे ठेवू?" त्या माउलीला आम्ही शिव्या देऊ शकलो नाही. फडावर झोपडीला दार नसते, वयात आलेल्या मुलीची भीती खरी असते. पण लग्न हा त्या भीतीवरचा इलाज नाही हे वेळेवर सांगायला आम्ही तिथे नव्हतो. ही आमची चूक आहे आणि आम्ही ती इथे लिहून ठेवतो.

तिला आम्ही नंतर भेटलो. २००६ च्या बालविवाह प्रतिबंधक कायद्याप्रमाणे बालपणी लावलेले लग्न ती स्वतः न्यायालयात जाऊन रद्द करून मागू शकते, सज्ञान झाल्यावर दोन वर्षांपर्यंत, म्हणजे विसावे वर्ष पूर्ण होईपर्यंत, हे सांगितले. गावातला ग्रामसेवक हाच बालविवाह प्रतिबंध अधिकारी असतो, १०९८ वर फोन करता येतो, हेही सांगितले. ती ऐकत राहिली, काही बोलली नाही. मग आम्ही तिला रखमाबाईंची गोष्ट सांगितली. अकराव्या वर्षी लग्न, बाविसाव्या वर्षी तुरुंगाची तयारी, तिसाव्या वर्षी डॉक्टर. तिने एकच विचारले : "तिला कोण घरात ठेवी घे?" तिला घरात कोणी ठेवून घेतले, असे तिला विचारायचे होते.

तिने खटल्याची खरी गाठ पकडली. रखमाबाई लढू शकल्या कारण त्यांना परत जायला आईचे घर होते, नावावर थोडी मालमत्ता होती, शिकलेला सावत्र बाप होता, नंतर समिती होती. पॅट्रिशिया लढू शकल्या कारण मोलकरीण आईने पगार मुलीच्या शिक्षणावर लावला. एकटी मुलगी 'नाही' म्हणू शकत नाही. तिच्या 'नाही'मागे कुणीतरी दार उघडे ठेवावे लागते. वसतिगृहे, तोडीच्या काळात गावात मुली ठेवण्याची सोय, शाळेत परत घेणारा मास्तर, ही आजची दारे आहेत, आणि ती मागणे हे चळवळीचे काम आहे. नुसते पुस्तक पुरणार नाही. पण पुस्तकाशिवाय मुलीला हेच कळत नाही की 'नाही' हा शब्द तिच्याही तोंडात शोभतो.

म्हणून आम्ही कोरीटच्या वर्गात रखमाबाईंचे पुस्तक करायला घेतले आहे. छापखाना नाही, रंगीत कागद आहेत. मुले चित्रे काढतात, मजकूर आम्ही लिहितो, खाली एक ओळ अहिराणीत आणि एक भिलोरीत. सातवीतल्या त्या मुलीने पहिले पान काढले आहे. त्यावर राणी नाही, कोर्टही नाही. सुतारकामाचा रंधा आहे, बाजूला डॉक्टरची नळी, आणि मधे एक दार. ते तिने उघडे काढले आहे.

आमचे वाचकांना आवाहन आहे : आपापल्या गावात, विहारात, अभ्यासिकेत असे एक तरी पुस्तक करा. आपल्या भागातली बाई शोधा, तारखा तपासा, दंतकथा बाजूला ठेवा, कमकुवत बाजूही लिहा. इतिहास विसरणारा समाज इतिहास घडवू शकत नाही हे आपण भाषणात ऐकतो. मुलांच्या हातात तो इतिहास कधी देणार, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारला. आता तो तुम्हाला विचारतो.

जय भीम! जय सावित्री!